बडोद्यातली प्लेट लोड टेस्ट: रेतीवरच्या पायासाठी काय मिळतं आणि काय मागून घ्यावं लागतं

बडोद्यात प्लेट लोड टेस्टचं, म्हणजे खड्ड्यात लोखंडी प्लेट ठेवून तिच्यावर टप्प्याटप्प्याने भार द्यायचा आणि ती किती खचते ते मोजायचं, हे काम एकंदरीत नीट होतं. प्लेट मापाची येते, खड्डा बऱ्यापैकी सपाट असतो, अहवाल वेळेत हातात पडतो. कमी पडतो तो वेळ. रेतीवर टेस्ट असली की प्रत्येक टप्प्यावर तासभर भार धरायचा, डायल गेज (खचणं मोजणारा काटा) थांबल्यासारखा वाटला की पुढचा टप्पा चढवायचा, आणि संध्याकाळी गाडी भरायची. गोदाम, सायलो, पाण्याची टाकी किंवा क्रेनचा गाळा बांधणाऱ्याला एवढ्यावर उत्तर मिळत नाही, कारण त्याचा खरा प्रश्न पुढच्या दहा-वीस वर्षांचा आहे.

हे परीक्षण एका संस्थेचं नाही. मकरपुरा, पोर, वाघोडिया, सावली, नंदेसरी या पट्ट्यात जे ठरलेलं पॅकेज विकलं जातं त्याचं आहे: दोन-तीन बोअरहोल (जमिनीत खोल घेतलेली छिद्रं), एसपीटी (बोअरहोलमध्ये घणाचे ठोके मोजून जमिनीचा घट्टपणा पाहणारी चाचणी), एक प्लेट लोड टेस्ट, प्रयोगशाळेतल्या चाचण्या आणि शेवटच्या पानावर सेफ बेअरिंग कपॅसिटीचा, म्हणजे जमीन सुरक्षितपणे किती भार पेलेल याचा आकडा. दांडिया बाजारातलं जुनं दुकान तसंच ठेवून माल हायवेलगतच्या गोदामात नेणारी बरीच मराठी मंडळी पहिल्यांदाच असा अहवाल हातात घेतात आणि फक्त तो शेवटचा आकडा वाचतात. जमीन किती भार पेलेल यासाठी ही सेवा चांगली आहे. सुरुवातीला किती खचेल यासाठी ठीक आहे. वेळेबरोबर किती खचत जाईल यासाठी मात्र, तुम्ही वेगळं मागितलं नाही तर, अपुरी आहे.

रेती लगेच बसते आणि मग गप्प राहते, हा समज अर्धा खरा आहे. रेतीतून पाणी चटकन निघून जातं, म्हणून चिकण मातीसारखं वर्षानुवर्षं चालणारं कन्सॉलिडेशन (पाणी हळूहळू बाहेर पडून होणारं दबणं) तिथे नसतं. पण रेतीचे दोन कण एकमेकांना फार लहान जागेवर टेकतात, आणि त्या टोकावर दाब प्रचंड असतो. वरचं वजन तेवढंच ठेवलं तरी ही टोकं हळूहळू झिजतात, बारीक तडा वाढत जाऊन एखादा कोपरा तुटतो, कण किंचित सरकतो, त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या कणावर जातो आणि तिथे हेच पुन्हा सुरू होतं. कोरड्या रेतीतही हे घडतं. ओलाव्याने तडा लवकर वाढतो, म्हणून दगडाच्या भरावात त्याचा वेग चढतो. नदीतल्या गोल गोट्यांपेक्षा क्रशरच्या धारदार खडीत कोपरे जास्त तुटतात. यातून येणारं खचणं वेळेच्या लॉगच्या प्रमाणात वाढतं: १ ते १० दिवसांत जेवढं, साधारण तेवढंच १० ते १०० दिवसांत, आणि तेवढंच १०० ते १००० दिवसांत. वेग सतत कमी होतो, पण शून्य होत नाही. यालाच क्रीप म्हणतात.

आता चाचणीकडे. या चाचणीच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १८८८ (१९८२) या कोडप्रमाणे, प्लेट ३०० ते ७५० मिमीची आणि किमान २५ मिमी जाडीची, खड्डा प्लेटच्या किमान पाचपट रुंद, म्हणजे ६०० मिमीच्या प्लेटसाठी ३ मीटर. आधी चौरस मीटरला ०.७ टनाचा बैठकीचा भार देऊन काढायचा, मग टप्पे चढवायचे. समजा पायावर २० टन प्रति चौरस मीटर भार धरला आहे आणि टेस्ट अडीचपट म्हणजे ५० टनांपर्यंत न्यायची आहे. ६०० मिमी चौरस प्लेटचं क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर, म्हणजे जॅकवर १८ टन. जॅक ज्याला टेकून प्लेट दाबतो ते वरचं वजन सव्वापट ठेवलं तर साडेबावीस टन, म्हणजे ५० किलोच्या ४५० गोण्या. कोटेशनमधला मोठा वाटा या गोण्यांच्या ने-आणीचा आणि रचण्याचा असतो. म्हणूनच काही जण ३०० मिमीची प्लेट सुचवतात. तिला त्याच दाबासाठी फक्त साडेचार टन लागतात. रेतीवर ती घेऊ नका. लहान प्लेट वरच्या साठ सेंटिमीटरांपलीकडे फारसं काही पाहत नाही.

रेतीसाठी कोडची अट अशी आहे की प्रत्येक टप्पा किमान एक तास धरावा किंवा खचण्याचा वेग मिनिटाला ०.०२ मिमीच्या खाली येईपर्यंत थांबावं. ऐकायला हे कडक वाटतं, पण ०.०२ मिमी प्रति मिनिट म्हणजे तासाला १.२ मिमी. हिशोब करून पाहा. समजा एका टप्प्यावर १० मिनिटांना गेज ५.२० मिमी दाखवतो आणि १०० मिनिटांना ५.५०. म्हणजे वेळ दसपट झाली की ०.३० मिमी. या उताराने ०.०२ ची अट सातव्या मिनिटालाच पूर्ण होते, आणि तासाला वेग त्याच्याही नवव्या हिश्श्यावर आलेला असतो. निरीक्षक निश्चिंत मनाने ‘स्थिर’ लिहितो. पण ०.३० मिमी प्रति दसपट हा उतार अजून तसाच चालू आहे. १०० मिनिटांपासून १० वर्षांपर्यंत वेळ पावणेपाच वेळा दसपट होते. म्हणजे प्लेटखालीच आणखी साधारण १.४ मिमी, आधीच्या खचण्याच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त. इतकं लांबचं ताणणं काटेकोर नाही, अंदाज बांधायला मात्र उपयोगी आहे. आणि हा अंदाज बांधण्यासाठी लागणारा उतारच नेहमीच्या अहवालात नसतो, कारण त्यात फक्त भार विरुद्ध खचण्याचा आलेख छापलेला असतो.

म्हणून वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ वाढवा: प्रत्यक्ष पायावर येणाऱ्या भाराच्या टप्प्यावर भार १००० मिनिटं धरावा आणि वेळ-खचणं आलेख लॉग मोजपट्टीवर द्यावा. १००० मिनिटं म्हणजे १६ तास ४० मिनिटं, म्हणजे एक रात्र जास्त. बैठकीचा भार दुपारी चारला, १० टनांचा टप्पा पाचला, २० टनांचा सहाला चढवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी लांब टप्पा संपतो आणि उरलेले तीन टप्पे दुपारपर्यंत होतात. रीडिंग १, २, ४, ८, १५, ३०, ६० मिनिटांना, मग २, ४, ८ तासांना आणि शेवटी १००० व्या मिनिटाला. गेज ०.०१ मिमीचा मागा, प्लेटच्या चार कोपऱ्यांवर चार. दोन समोरासमोरच्या गेजमध्ये फरक वाढत गेला तर प्लेट तिरकी बसते आहे. तेव्हा सरासरी काढून पुढे जाऊ नये, प्लेटखालचा थर पाहावा.

रात्र निवडण्याचं दुसरं कारण ऊन आहे, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात हे कारण मोठं आहे. गेज ज्या लोखंडी डेटम बारवर (मोजमापाचा स्थिर आधार धरलेल्या दांड्यावर) बसवतात तो दोन खुंट्यांवर असतो. लोखंडाची मीटरभर उंच खुंटी २० अंशांनी तापली की ०.२४ मिमी लांबते. आपण शोधतोय तो क्रीप वेळेच्या एका दसपटीला ०.३० मिमी. म्हणजे सकाळी सावलीत आणि दुपारी उन्हात असलेल्या बारवरचं रीडिंग क्रीपचं आहे की लोखंडाचं, हे सांगता येत नाही. कधी कधी तर प्लेट वर येताना दिसते. खुंट्या खड्ड्यापासून आणि गोण्यांच्या आधारापासून दूर ठोकलेल्या असाव्यात, खड्ड्यावर ताडपत्रीचा मांडव असावा, आणि दर रीडिंगसोबत तापमान लिहिलेलं असावं. तापमानाचा रकाना भरलेला दिसला की ती टीम काम जाणते असं समजायला हरकत नाही.

सर्वांत जास्त बिघडतं ते जॅकमुळे. हाताच्या पंपाचा हायड्रोलिक जॅक रात्रभर दाब धरत नाही. सीलमधून तेल झिरपतं, आणि प्लेट खाली गेली की दाब आपोआपही उतरतो. प्रेशर गेजचा काटा अगदी हळू मागे येतो. १० टक्के भार उतरला तर रेतीचं दबणं जवळजवळ थांबतं, आलेख आडवा होतो आणि अहवालात ‘समाधानकारक’ असं येतं. रेती भार उतरण्याला फार संवेदनशील असते, चढण्यापेक्षा जास्त. म्हणून रात्री पंपापाशी माणूस हवाच, त्याने काटा दर वेळी पूर्ववत आणून नोंद करायची, आणि जमत असेल तर जॅक व प्लेटच्या मध्ये लोड सेल (भार थेट मोजणारं उपकरण) लावायचा. प्रेशर गेजवरून भार काढला तर जॅकमधलं घर्षणही त्यातच मिसळतं. आपोआप दाब राखणारा पंप आणि लॉगर (रीडिंग आपोआप नोंदवणारं यंत्र) लावणाऱ्या संस्था थोडे जास्त पैसे घेतात. या एका कामासाठी ते पैसे द्यावेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

लांब टप्प्यानंतरचा आलेख वाचतानाही काळजी घ्या. २० टनांवर रात्रभर दबलेली रेती नंतर थोडा वेळ जास्त ताठ वागते, त्यामुळे २० ते ३० टनांचा तुकडा चपटा दिसतो आणि मग आलेख पुन्हा जुन्या रेषेला मिळतो. तो चपटा तुकडा ताकद वाढल्याचा पुरावा म्हणून धरून बेअरिंग कपॅसिटी वाढवून मागू नये.

प्लेटवरून पायापर्यंत जाताना रेतीसाठी नेहमीचं सूत्र आहे: पायाची रुंदी गुणिले (प्लेटची रुंदी अधिक ०.३), भागिले प्लेटची रुंदी गुणिले (पायाची रुंदी अधिक ०.३), आणि उत्तराचा वर्ग, मापं मीटरमध्ये. ६०० मिमीची प्लेट आणि २ मीटरचं फुटिंग (खांबाखालचा पाया) असेल तर गुणक १.७० येतो. वरच्या उदाहरणातले ५.५० मिमी म्हणजे फुटिंगखाली सुमारे साडेनऊ. हे तेव्हाच खरं, जेव्हा खाली ४ मीटरपर्यंत तोच थर आहे. प्लेटचा दाब सव्वा मीटरच्या आसपास संपतो, २ मीटरच्या फुटिंगचा चार मीटरपर्यंत जातो. बडोद्याचा गाळाचा प्रदेश असा एकसारखा क्वचितच असतो: रेती, मग गाळवट माती, मग कंकर, पुन्हा रेती. प्लेटखाली दीड मीटरवर गाळाचा पट्टा असेल तर प्लेट त्याची दखलही घेणार नाही आणि पाया घेईल. बोअरहोलच्या नोंदी आणि प्लेटचा आलेख एकाच पानावर ठेवून वाचणारा अभियंता संस्थेत आहे का, हे आधी विचारा. अहवालाचे दोन भाग दोन वेगळ्या माणसांनी लिहिले असतील तर ते वाचताना कळतं.

एसपीटीच्या एन मूल्यांवरून (ठोक्यांच्या संख्येवरून) खचण्याचं गणित केलं असेल तर त्यात वेळेचा गुणक आहे का ते पाहा. श्मर्टमनच्या १९७० च्या पद्धतीत तो १ अधिक ०.२ गुणिले (वर्षं भागिले ०.१) चा लॉग असा आहे: १ वर्षाला १.२, १० वर्षांना १.४, ५० वर्षांना १.५४. बर्लंड आणि बर्बिज यांच्या १९८५ च्या पद्धतीत स्थिर भारासाठी ३ वर्षांना १.३ आणि ३० वर्षांना १.५. पण चढ-उतार होणाऱ्या भारासाठी त्याच पद्धतीत ३० वर्षांचा गुणक २.५ आहे. समजा सुरुवातीचं खचणं १८ मिमी आलं. स्थिर भाराखाली ३० वर्षांत ते २७ होतं, भरत्या-रिकाम्या होणाऱ्या सायलोखाली ४५. पायांसाठीच्या आयएस १९०४ या कोडच्या १९८६ च्या आवृत्तीत रेतीवरच्या सुट्या फुटिंगला एकूण ५० मिमीची मर्यादा दिली होती, आणि आरसीसी सांगाड्यात शेजारच्या खांबांमधला फरक अंतराच्या ०.००१५ पट, म्हणजे ६ मीटरला ९ मिमी. भिंतीखालचा खांब हलका आणि सायलोखालचा जड असेल तर हा ९ मिमीचा आकडा आधी मोडतो. गोदामाचा अहवाल आणि सायलोचा अहवाल एकाच साच्यातून निघत असेल तर तो साचा बदलायला सांगा.

प्रयोगशाळेतल्या भागाला आमच्याकडून सगळ्यात कमी गुण. आयएस २७२० भाग १५ चा ईडोमीटर (रिंगमध्ये माती दाबून तिचं खचणं मोजणारं यंत्र) ६० मिमी व्यासाचा आणि २० मिमी उंचीचा असतो. नमुन्यातला सर्वांत मोठा कण उंचीच्या दहाव्या भागापेक्षा मोठा नसावा हा सर्वमान्य नियम धरला तर २ मिमीपर्यंतच. ओरसंग नदीची जाड रेती त्यात बसत नाही. मोठे कण चाळून काढले की ती रेती वेगळीच होते. शिवाय रेतीचा अबाधित नमुना बोअरहोलमधून येत नाही, तो प्रयोगशाळेत पुन्हा भरावा लागतो, आणि तो किती सापेक्ष घनतेवर (किती सैल किंवा घट्ट) भरला हे लिहिलेलं नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही. इतक्या पातळ नमुन्यात ०.१ टक्का विकृती (उंचीतली घट) म्हणजे फक्त ०.०२ मिमी. यंत्राची स्वतःची लवचीकता, सच्छिद्र दगडाची बैठक, रिंगचं घर्षण हे सगळं याच मापाचं असतं. लोखंडी ठोकळा ठेवून यंत्राची लवचीकता मोजली आहे का आणि ती वजा केली आहे का, हा प्रश्न विचारला की प्रयोगशाळेची तयारी लगेच समजते.

तरीही एक तपासणी घरबसल्या करता येते. दीर्घकाळ दबण्याचा गुणांक, सी-अल्फा, भागिले दाबनिर्देशांक सीसी हे गुणोत्तर रेती-खडीसाठी ०.०२ च्या आसपास असतं, ०.०१ कमी-जास्त. अहवालात सीसी ०.०५ आणि सी-अल्फा ०.००१ असेल तर जुळतं. पोकळी गुणोत्तर (कणांमधली रिकामी जागा भागिले कणांचं आकारमान) ०.६ धरून ४ मीटरच्या थरात ते दर दसपटीला अडीच मिमी होतं. सी-अल्फा ०.०१ छापला असेल तर एक तर रेतीत बराच अभ्रक किंवा गाळ आहे, नाही तर यंत्राची चूक आकड्यात शिरली आहे. दोन्ही बाबतीत पुढचं काम थांबवून विचारायला हवं.

भरावाचा विषय वेगळा मागावाच लागतो, कारण पॅकेजमध्ये तो नसतो. सखल प्लॉटवर दोन-तीन मीटर रेती किंवा खडी टाकून वर फरशी करायची पद्धत सगळीकडे आहे. भराव स्वतःच्या वजनानेच खचत जातो. दगडी भरावात वेळेच्या दर दसपटीला उंचीच्या साधारण ०.२ ते १ टक्का, थरात रोलिंग नीट झालं असेल तर खालचा आकडा, डंपरने नुसता ओतला असेल तर वरचा. ३ मीटरला ०.५ टक्के धरले तर पहिल्या ते दहाव्या महिन्यात १५ मिमी, आणि पुढच्या सात-आठ वर्षांत पुन्हा १५. म्हणून भराव झाल्यावर फरशीसाठी घाई करू नये. सुरुवातीचे दहा महिने भराव मोकळा सोडला तर पहिली दसपट फरशीच्या आधीच उरकते. प्लेट टेस्ट अशा भरावावर सर्वांत वरच्या, सर्वांत चांगल्या रोल झालेल्या थराचं प्रमाणपत्र देते. खालच्या थरांसाठी प्रत्येक थराची घनता हवी, आणि भरावात लोखंडी सेटलमेंट प्लेट पुरून महिन्याला लेव्हल घ्यायला हवी. हे काम स्वस्त आहे आणि सर्वेअर कोणीही करू शकतो.

पाण्याचा टप्पाही सांगून घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा पूरपट्ट्यातल्या जमिनी खालपर्यंत भिजल्या. सैल, कोरडा भरलेला भराव पहिल्यांदा भिजला की वजन न वाढताही अचानक बसतो, आणि मग क्रीप नव्याने वेग घेतो. पूरपट्ट्यात टेस्ट असेल तर लांब टप्पा संपल्यावर त्याच भाराखाली खड्ड्यात पाणी सोडून आणखी काही तास रीडिंग घ्यायला सांगा. आलेखात तिथे पायरी दिसली तर तो भराव उकरून, पाणी मारून, पुन्हा थराथराने रोल करण्यातच पैसे वाचतात.

बिल देण्याआधी साइटवरची मूळ वही मागा, टाइप केलेला तक्ता नको. त्यात वेळ, चारही गेजचे वेगवेगळे आकडे, दाबाचा काटा, पंप मारल्याच्या खुणा आणि तापमान असायला हवं. सगळे आकडे एकाच शाईत, एकाच ओघात, एकही खाडाखोड न करता लिहिलेले असतील आणि रात्री दोनच्या रीडिंगमध्येही चारही गेज बरोबर ०.०५ ने पुढे गेलेले असतील, तर तो टप्पा पुन्हा करून घ्या.